कोपऱ्यातल्या खाटेची हवा

ज्या खोलीत माणूस नाही, पंखा बंद आहे आणि खिडक्या लावलेल्या आहेत, त्या खोलीत भिंतीवरचे एक कापड श्वास घेतल्यासारखे वरखाली का होते? त्या वर्षी मी या एका प्रश्नाचे उत्तर शोधत होतो. उत्तर मिळाले असे मी मानतो. ते पूर्ण मिळाले का, हे शेवटी सांगेन. आधी प्रश्न, मग निरीक्षण, मग निष्कर्ष, हा क्रम मी वर्गात मुलांकडून घोटून घेतला. लिहिताना तो स्वतःच मोडणे बरे नव्हे.

आमच्या गावचे रुग्णालय लोकवर्गणीतून उभे राहिलेले आहे. बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणाची खोली, मलमपट्टीची जागा आणि मागे एक लांब हॉल, जिथे हिवाळ्यात डोळ्यांचे शिबिर भरत असे. याहून मोठे दुखणे असले की रुग्णाला घाट चढून बुलढाण्याला न्यावे लागे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत हा घाट आम्हाला नव्याने कळला. चढण तीच होती, वळणे तीच होती. पण ज्याला श्वास पुरत नाही अशा माणसाला गाडीत घालून ती वळणे घेणे म्हणजे काय, याचा विचार तोपर्यंत कोणी केलेला नव्हता.

लाट ओसरल्यावर विश्वस्तांनी ठरवले की शिबिराच्या हॉलमध्ये ऑक्सिजनची सोय असलेल्या खाटा बसवायच्या. पुन्हा तशी वेळ आली तर आपल्या माणसाला घाट चढावा लागू नये, एवढाच हेतू होता. देणगीसाठी एक सोपी पद्धत काढली गेली: एक खाट, एक देणगीदार. बाहेरगावी स्थायिक झालेल्यांनी खाटा दिल्या, अडत दुकानदारांनी दिल्या, आम्ही निवृत्त शिक्षकांनी मिळून एक दिली. आमच्याकडे देणगी सहसा कोणाच्या तरी स्मरणार्थ देतात. त्यामुळे प्रत्येक खाटेच्या वर भिंतीत एक पाटी आली आणि प्रत्येक पाटीची सुरुवात 'कै.' या अक्षराने झाली.

यात मला तेव्हा काही वावगे वाटले नाही. मात्र काम पूर्ण झाल्यावर एका दुपारी हॉलच्या दारात उभा राहिलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. अजून एकही रुग्ण आलेला नव्हता, चादरींच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या, आणि तरीही प्रत्येक खाट भरलेली होती. प्रत्येक खाटेवर एक मृत माणूस नावाने आधीच निजलेला होता.

माल तपासून घेण्याचे काम विश्वस्तांनी माझ्याकडे दिले होते, कारण मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत असे. व्यवस्था कशी होती ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला अडचण पडणार नाही. हॉलच्या बाहेर ओसरीत मोठी सिलिंडरे साखळीने बांधून उभी केलेली होती. त्यांतला ऑक्सिजन एका मुख्य झडपेतून तांब्याच्या नळीत येई. ती नळी भिंतीवरून सगळ्या हॉलला वळसा घाली आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी तिची एक शाखा खाली उतरे. या शाखांवर पांढऱ्या फळीचे आवरण बसवलेले होते, त्यामुळे नळी दिसत नसे. दिसे ते फक्त फळीच्या खालच्या टोकाचे पितळी तोंड.

कामाचा क्रमही वाचकांनी लक्षात ठेवावा. प्रथम नळी बसवली. मग तिच्यात दाब भरून ती एक रात्र बंद ठेवली. सकाळी काटा होता तिथेच होता, म्हणजे गळती नाही. मग नळीवर फळ्या आल्या. मग खाटा आल्या. सर्वांत शेवटी पाट्या आल्या.

पाट्यांचे अनावरण समारंभाने व्हायचे होते. समारंभाला बंदी असल्यामुळे ते पुढे पुढे जात राहिले आणि पाट्या झाकलेल्याच राहिल्या. बहुतेक पाट्यांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले होते. कोपऱ्यातल्या खाटेच्या पाटीवर मात्र कापड होते: पांढरा, काठाशी पिवळसर पडलेला एक दुपट्टा, आमच्याकडे शेतकरी गळ्यात टाकतात तसला.

ही खाट देणारी बाई घाटाच्या पायथ्याच्या एका खेड्यातली होती. घरी कपाशी आणि सोयाबीन. पहिल्या लाटेत तिच्या पतीला रुग्णवाहिकेतून बुलढाण्याला नेताना घाटातच त्याचा श्वास थांबला. तिला त्याच्याबरोबर गाडीत बसता आले नव्हते. तिच्याही घशाची तपासणी व्हायची होती, आणि त्या दिवसांचा नियम तसा होता. गाडीचे दार लागले तेव्हा तो बोलत होता, यापलीकडे तिला काही माहीत नव्हते. पाटी बसवण्याच्या दिवशी ती स्वतः आली होती आणि तिने एकच हट्ट धरला होता. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. आमच्या सिस्टरांनी ते बोलणे मला नंतर सांगितले. सिस्टर जळगाव जामोदच्या, बोलायला कमी आणि ऐकायला पक्क्या.

"बाकी सगळ्यांच्या पाट्या वर आहेत," सिस्टर तिला म्हणाल्या होत्या. "एका ओळीत छान दिसतील."

"वर कोन पायते, सिस्टर? उशाशी लावा. माणूस गेल्यावर दिवा उशाशीच ठेवते ना? मंग नाव बी उशाशीच पायजे."

पाटी लावणाऱ्याने ती उशाशी, पांढऱ्या फळीवर लावून दिली. बाईने पिशवीतून पतीचा दुपट्टा काढला, पाटीवर टाकला, कडा स्वतः चिकटपट्टीने बसवल्या आणि बजावले की समारंभ होईल तेव्हा हे आपणच काढू, तोवर कोणी हात लावू नये.

आता एका शब्दाविषयी सांगायला हवे. आमच्या भागात ऑक्सिजनला कोणी ऑक्सिजन म्हणत नाही. सगळे 'हवा' म्हणतात. रुग्णाला ऑक्सिजन लावला की 'त्याले हवा लावली'. पण याच बोलीत 'हवा लागणे' याचा दुसराही अर्थ आहे. तिन्हीसांजेला शिवारातून परतलेला माणूस तापाने बरळू लागला, तर म्हातारी माणसे हळू आवाजात म्हणतात, 'याले हवा लागली'. म्हणजे बाहेरचे काही लागले. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत आले आहेत आणि संदर्भावरून कोणता घ्यायचा ते कळते. संदर्भ सुटला तर मात्र कळत नाही.

आमच्या रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या मावशी आहेत. हॉलमधल्या नळ्यांत पहिल्यांदा ऑक्सिजन सोडला त्या दिवशी त्या हे काम मोठ्या अभिमानाने बाजारात सांगून आल्या. कोपऱ्यातली खाट सर्वांत शेवटी जोडली गेली होती, म्हणून भाजीवालीला त्या म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या खाटेले बी आज हवा लागली." भाजीवालीने दुसरा अर्थ घेतला. आठवड्याचा बाजार संपेपर्यंत ती खाट कोणाच्या नावाची, तो माणूस कुठे गेला आणि त्याचा दुपट्टा तिथे कसा आहे, हे सगळे त्या एका वाक्याला येऊन चिकटले होते.

मला हे कळले तेव्हा मी हसलो. मावशींनाही थोडे हसूच आले. "मी म्हंटलं काय अन् त्याइनं आइकलं काय," त्या म्हणाल्या. "अशानं त माह्यं तोंडच शिवून घ्या लागते."

काही दिवसांनी मात्र मावशी हॉलमध्ये एकट्या झाडायला जाईनाशा झाल्या. झाडू दाराशी टेकवून त्या सिस्टरांची वाट पाहू लागल्या. मी कारण विचारले. त्या बराच वेळ झाडूच्या काड्या सारख्या करत राहिल्या.

"सर, तुमाले खोटं वाटन."

"वाटले तर तसे सांगेन. बोला."

"थो दुपट्टा हालते. वारा नाई, पंखा नाई, काई नाई. वर येते, मंग खाली बसते. मंग पुन्ना वर येते. माणूस निजला का त्याच्या तोंडावरचं कापड कसं हालते, तसं."

"उंदीर असेल मागे."

"उंदीर काय दिवसभर एकाच ठेक्यात राह्यते का, सर?" मावशी म्हणाल्या. "अन् दुसरी गोष्ट सिस्टरले विचारा. हवा कोन ओढून रायलं ते."

सिस्टरांनी मला ओसरीत नेले. दाब दाखवणारा काटा बराच खाली आला होता. भरलेली सिलिंडरे लावलेली होती, हॉलमध्ये एकही रुग्ण नव्हता, सगळी पितळी तोंडे बंद होती, आणि तरीही ऑक्सिजन कमी होत होता. "मी स्वतः पाहिलं सर," सिस्टर म्हणाल्या. "काल होता त्यापेक्षा आज खाली. वापरणारं कोणी नाही आणि वापर चालू आहे."

ही दोन वाक्ये त्यांनी सरळ, कोरड्या आवाजात उच्चारली. ऐकताना माझ्या पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखे झाले, हे मला नोंदवले पाहिजे, कारण निरीक्षण करणाऱ्याची अवस्था हाही निरीक्षणाचाच भाग असतो.

मी एकटा हॉलमध्ये गेलो आणि दार आतून लोटून घेतले. माघ संपत आला होता, दुपारच्या उन्हाला धार येऊ लागली होती. बंद खिडक्यांच्या काचांतून ते ऊन आत येऊन फरशीवर चौकोनांत पडले होते. त्या चौकोनांतली धूळसुद्धा स्थिर होती. खाटांच्या रांगेवरून, कागद लावलेल्या पाट्यांवरून नजर फिरवत मी कोपऱ्यापर्यंत गेलो. कागद निश्चल होते. दुपट्टा फुगला. अगदी सावकाश, मधोमध, छातीसारखा. क्षणभर तसाच राहिला. मग खालच्या कडेपाशी फूस असा बारीक आवाज झाला आणि कापड पाटीवर बसले. त्याखाली अक्षरांचे उठाव दिसले. नावाचे पहिले अक्षर, मग 'कै.' पुढचे टिंब. मग ते पुन्हा फुगू लागले.

मी खाटेपासून मागे सरकलो. माझा स्वतःचा श्वास त्या कापडाच्या ठेक्यात पडू लागल्याचे माझ्या लक्षात आले. मी मुद्दाम तो बदलला.

गळतीची शंका मला अर्थातच आली होती. शाळेत मुलांना सांगत असे त्याप्रमाणे मी साबणाचे पाणी केले आणि मुख्य झडपेपासून शेवटच्या पितळी तोंडापर्यंत प्रत्येक जोडाला लावत गेलो. गळती असेल तिथे बुडबुडा येतो. कुठेही आला नाही. नळी बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, गळलं तर जोडावर गळते. सरळ नळी कधी गळत नाही. अन् चाचणी तुमच्यासमोर झाली." ते खरेच होते. कोपऱ्यातल्या पाटीमागे जोड नव्हता. तिथून नळी सरळ खाली उतरत होती. राहता राहिले ते दुपट्ट्याखाली पाहणे. मी हात पुढे केला तेव्हा दारातून मावशी म्हणाल्या, "सर, तिनं नाई म्हंटलं हाय. तिचा माणूस हाय थो. तिले बलवा." मी हात मागे घेतला. बाईला निरोप पाठवला आणि ती येईपर्यंत मुख्य झडप बंद ठेवायला सिस्टरांना सांगितले. त्या संध्याकाळी दुपट्टा निश्चल झाला. सकाळी थोड्या वेळासाठी झडप उघडली, तर तो पुन्हा हलू लागला. मावशींनी यातून आपला निष्कर्ष काढला: हवा असली की तो येतो.

झडप बंद ठेवणे हा उपाय नव्हता, हे कोणालाही कळेल. अमरावतीकडून वाईट बातम्या येऊ लागल्या होत्या. आपल्याकडेही साथ परत येणार, हे डॉक्टर रोज सांगत होते. झडप बंद ठेवून रुग्ण घेता येत नाही, आणि उघडी ठेवली तर रुग्ण येण्याआधीच सिलिंडरे रिकामी होणार. त्याहून वाईट म्हणजे हॉलसाठी नव्याने घेतलेल्या परिचारिका एकेक करून घरची अडचण सांगू लागल्या होत्या. बाजारात एक म्हातारा मला तोंडावर म्हणाला, "मास्तर, मी घाट चढीन. घाटात मेलो तं मेलो. पन मेलेल्याच्या खाटेवर निजून त्याच्या वाटची हवा नाई घेनार." ज्या घाटापासून लोकांना वाचवायचे, त्याच घाटाकडे लोक आता आपल्या पायांनी परत चालले होते.

बाई गुरुवारी आली. शेगावला जाऊन परस्पर आली होती. कपाळाला अंगारा, हातात कापडी पिशवी. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. बाजारातली बोलणी तिच्यापर्यंत पोचलेली होती हे तिच्या चालण्यावरूनच कळत होते. ती हॉलमध्ये शिरली ती कोणाच्या तरी उशाशी जावे तशी, पाय न वाजवता. तपासणीसाठी मी झडप उघडायला सांगितली होती. दुपट्टा हलत होता.

तिने ते पाहिले. मग खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "दम लागला म्हंजे थे असेच करत. श्वास वर येवाले टाइम लागे."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले.  मी कापडाच्या खालच्या कडेकडे पाहत होतो.

बाईने पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला, एक काडी पेटवली, फुंकर घालून ज्योत विझवली आणि लाल टोकाची ती उदबत्ती ओवाळण्यासाठी दुपट्ट्याच्या खालच्या कडेशी नेली. त्या क्षणी कापड बसले, फूस आवाज झाला, आणि उदबत्तीचे लाल टोक पांढरे झाले, तडतडले आणि भपकन ज्योत होऊन पेटले.

मावशी भिंतीला टेकल्या. "व माय," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

बाईच्या हातातून ती काडी मी जवळजवळ हिसकावून घेतली, दाराबाहेर नेली आणि चपलेखाली विझवली. परत येईपर्यंत माझ्या भीतीचे कारण बदललेले होते. विझत आलेली काडी वायुपात्राच्या तोंडाशी धरायची. ती पुन्हा पेटली तर पात्रात ऑक्सिजन आहे. हा प्रयोग मी दर वर्षी करून दाखवत असे आणि शेवटच्या बाकावरची मुलेही त्यासाठी उठून उभी राहत. तोच प्रयोग माझ्यासमोर एका पाटीने करून दाखवला होता. ऑक्सिजन तिथे होता, पाटीच्या मागून येत होता, आणि आणखी थोडा वेळ ती उदबत्ती तिथे राहिली असती तर दुपट्टा, गादी आणि ती बाई यांतले काय शिल्लक राहिले असते ते सांगता येत नाही.

मी दुसरे स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. "ताई, या हॉलमध्ये पुन्हा कोणीही विस्तव आणायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. का ते सांगतो."

मी सांगितले. चाचणी झाली तेव्हा पाट्या नव्हत्या. बाकीच्या पाट्या वर, कोऱ्या भिंतीत ठोकल्या गेल्या. ही एकच उशाशी, फळीवर बसली. आणि फळीच्या मागे तांब्याची नळी आहे. पाटीचा एक स्क्रू फळी पार करून नळीत घुसला. घुसला आणि तिथेच बुचासारखा राहिला, म्हणून एकदम सुटले नाही. कडेने थोडे थोडे झिरपत राहिले. ते पाटीमागून येऊन दुपट्ट्याखाली साठते. कडा चिकटवलेल्या असल्यामुळे कापड फुगते. फुगले की खालची सैल झालेली कड उचलली जाते, साठलेले निघून जाते, कापड बसते. पुन्हा साठू लागते.

बाईने सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हंजे थे नाई?"

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. तरी मी दिले. "नाही, ताई. ती नळीतली हवा आहे."

"मले समजलं." ती पुन्हा कापडाकडे वळली. "पन दोन दिस राहू द्याल का असंच? मी येऊन बसत जाईन. विस्तव नाई आननार. माह्या घरी त त्याइचा आवाज बी नाई राह्यला आता."

 सिस्टरच म्हणाल्या, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, हे जे बाहेर जातंय ना, ते कोणाचं तरी आहे. अजून आला नाही तो. पण येईल. तेव्हा ते सिलिंडरमध्ये असायला पाहिजे."

बाई मान खाली घालून बसली. पदराच्या टोकाला ती गाठ मारत होती आणि सोडवत होती. मावशी पुढे आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. काही दिवस त्या कोपऱ्याकडे न फिरकलेल्या मावशी त्या खाटेला गुडघा टेकवून उभ्या होत्या, हे मला तेव्हा जाणवले नाही, नंतर आठवले.

"मी तं घाट चढा लागू नये कोनाले, म्हून देल्ली ही खाट," बाई म्हणाली. "अन् माह्याच पाटीनं सगळ्याइची हवा सांडून रायली." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बंद करा, सर. पन एक आइका. मी इथं बसून हाय तवाच बंद करा. मांगच्या वख्ती मले दारातच ठेवलं होतं."

मी सिस्टरांना खूण केली. त्या ओसरीत गेल्या. झडप फिरवल्याचा कर्कश आवाज भिंतीपलीकडून आला आणि मग त्या परत येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

दुपट्टा थांबला नाही.

यात नवल नाही, हे मला माहीत होते आणि मी तसे सांगितलेही. झडप बंद झाली तरी हॉलभर पसरलेल्या नळीत ऑक्सिजन भरलेला असतो. तो संपेपर्यंत कापड हलत राहणार. आम्ही वाट पाहिली. फरशीवरचे उन्हाचे चौकोन खाटांच्या पायांवर चढले. कापड फुगायला आता अधिक वेळ घेऊ लागले. मधली विश्रांती वाढली. एकदा ते अर्धेच फुगून राहिले आणि बाईने त्याच्याकडे बोट न लावता हात नेला, तापलेल्या कपाळाजवळ नेतात तसा. "हाव," ती म्हणाली. "इथंच हाय मी. जा तुमी."

कापड बसले. पुन्हा वर आले, अगदी थोडे. बसले. आम्ही चौघेही ते पुन्हा येण्याची वाट पाहत होतो, आणि ते आले नाही असे वाटून सिस्टरांनी पाऊल उचलले, तेव्हा ते आणखी एकदा, सगळ्यांत मोठे, कडा ताणून फुगले. आणि आवाज न करता खाली आले. त्यानंतर ते फक्त कापड होते.

बाईने चिकटपट्ट्या काढल्या, दुपट्ट्याची घडी केली आणि पिशवीत ठेवली. पाटीचे अनावरण हे असे झाले. नाव आम्ही सर्वांनी वाचले. मोठ्याने कोणी वाचले नाही.

दुसऱ्या दिवशी नळी बसवणारा आला. पाटी काढली, फळी काढली. स्क्रूचे टोक नळीत होते. मी ज्या जागी म्हटले होते त्याच जागी. नळीचा तेवढा तुकडा बदलला, पुन्हा दाब भरून एक रात्र ठेवला, काटा हलला नाही. पाटी बाईच्या संमतीने वर, इतरांच्या ओळीत गेली. ती म्हणाली, "वर तं वर. आता पायलं मी." बाजारातही ती स्वतः गेली आणि ज्या भाजीवालीपासून बोलणे पसरले होते तिच्याच ओट्यावर बसून स्क्रूची गोष्ट सांगून आली. परिचारिका परत आल्या. पुढे दुसरी लाट आली तेव्हा त्या हॉलमध्ये 'हवा लाव', 'हवा लागली का' हे शब्द दिवसभर चालत आणि त्याचा दुसरा अर्थ कोणाच्या मनात येत नसे. कोपऱ्यातल्या खाटेवर पहिला आला तो बाजारातला म्हाताराच. घाट चढला नाही. बरा होऊन पायी घरी गेला, आणि जाताना पाटीला हात जोडून गेला.

आता राहिलेली गोष्ट. हे सारे निवळल्यावर मी घरी बसून हिशेब केला. नळीची लांबी, तिची रुंदी, आतला दाब, सिलिंडर ज्या वेगाने रिकामे होत होते तो वेग. यांवरून झडप बंद केल्यावर दुपट्टा किती वेळ हलायला हवा होता ते काढता येते. मी काढले. त्या दुपारी उन्हाचे चौकोन जिथवर सरकले होते, ते पाहता तो त्याहून बराच जास्त वेळ हलत राहिला. आणि दाब संपत आलेल्या नळीतून शेवटचा फुगवटा सर्वांत मोठा का यावा, याचेही समाधानकारक कारण मला देता येत नाही. एखादी चिकटपट्टी शेवटी सुटली असेल. माझे मोजमाप चुकले असेल; उन्हावरून वेळ ठरवणे ही काटेकोर पद्धत नव्हे. सिस्टरांना विचारले तर त्या म्हणतात, झडप त्यांनी पूर्ण फिरवली होती. मी हिशेब पुन्हा केला. अंतर राहिले.

म्हणून वाचकांना साधी विनंती आहे. आपल्या गावच्या दवाखान्यात अशी नळी असेल तर पाट्या, खिळे, घड्याळे लावून झाल्यानंतर तिची चाचणी पुन्हा झाली आहे का, ते विचारा. काडी किंवा उदबत्ती जवळ नेऊ नका. साबणाचे पाणी वापरा, आणि ते जोडावरच नव्हे, तर जिथे कोणी काही ठोकले आहे तिथेही लावून पाहा. मग झडप बंद करून एखादे हलके कापड किती वेळ हलते तेही मोजा, माझ्यासारखे उन्हावरून नव्हे, घड्याळावरून. माझे उत्तर केवळ मी दिले म्हणून मान्य करू नका. स्वतः तपासून पाहा.